जुन्या वस्तूंनी घर सजवताना : मुंबईतील नवख्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत सध्या रोज कुठे ना कुठे जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली जात आहे, आणि तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांतील घरांत भुसा व डिंक दाबून केलेल्या पाट्यांचे फर्निचर येत आहे. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतील कित्येक जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी होता, आणि त्यातले बरेचसे सागवान ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे मुंबई बंदरात उतरले होते. पाडकामातून बाहेर पडणारे हे लाकूड पूर्ण वाळलेले असते, त्याच्या रेषा दाट असतात, आणि गाभ्याच्या लाकडातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. अशा मालाची मोठी खाण आपल्या शहरात उघडी पडलेली असताना तिचा उपयोग घरासाठी कसा करावा, हे ज्यांनी आजवर जुन्या बाजारातून काहीही घेतलेले नाही त्यांच्यासाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

जुनी वस्तू घरात आणायची ती कामाला लावण्यासाठी, असे माझे ठाम मत आहे. रोज हाताळली जाणारी वस्तू निगेत राहते आणि त्या निगेनेच घराला शोभा देते. नुसती मांडून ठेवलेली वस्तू मात्र वन बीएचकेमध्ये चार महिन्यांत अडचण वाटू लागते.

पहिली पायरी : घर मोजणे

बाजारात जाण्यापूर्वी घराची मापे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद कायम जवळ ठेवावा. खोलीची लांबी-रुंदी सगळेच मोजतात, परंतु वस्तू अडकते ती वाटेत. म्हणून इमारतीचे प्रवेशद्वार, लिफ्टच्या दाराची रुंदी व आतील उंची, जिन्याच्या वळणावरील मोकळी जागा, घराच्या दाराची चौकट आणि खिडकीखालच्या भिंतीची उंची ही मापे आधी घ्यावीत. उंच कपाट आडवे आत आणून उभे करायचे असेल, तर त्याच्या कर्णाचाही विचार करावा लागतो. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट तिरके होऊन उभे राहताना त्याला सुमारे सात फूट साडेतीन इंच उंची लागते, त्यामुळे फॉल्स सीलिंग खाली उतरवलेल्या खोलीत ते उभेच राहत नाही.

त्यानंतर घरात कोणत्या कामासाठी वस्तू हवी आहे याची छोटी यादी करावी : चपला ठेवायला काही नाही, आजोबांना उठ-बस करायला हात असलेली खुर्ची हवी, स्वयंपाकघरात बरण्यांसाठी फळी हवी, अशी. वस्तूची जागा जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांनी आखून दोन दिवस तशीच ठेवावी. त्या कागदांवरून चालताना अडचण होत असेल, तर वस्तू आल्यावर ती अधिकच होईल.

दुसरी पायरी : शोधावे कुठे

चोर बाजाराचे नाव सर्वांना ठाऊक असते. भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या हा त्याचा गाभा असून ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड स्थानकावरून तेथे पोहोचता येते. शुक्रवारी तेथील दुकाने बंद असतात, मात्र त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. पहाटेच्या अंधारात घ्यायचे असल्यास विजेरी जवळ हवी, आणि पहिल्या भेटीत मोठी वस्तू न घेता नुसते पाहून, भाव विचारून परत यावे. दिवे, पितळी मुठी, कड्या, घड्याळे, आरसे, चिनी मातीच्या बरण्या आणि चित्रांच्या चौकटी यांसाठी हा भाग उत्तम आहे.

मोठ्या फर्निचरसाठी जोगेश्वरी पश्चिमेकडील ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार पाहावा. तेथे खरोखर जुन्या वस्तू आणि जुन्यासारख्या नव्या वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात, त्यामुळे पुढे दिलेली तपासणी तेथे विशेष उपयोगी पडते. रे रोडजवळच्या दारुखान्यात जहाजे तोडण्याचे काम अनेक दशके चालत आले; 1983 नंतर गुजरातमधील अलंग येथे हा व्यवसाय मोठा झाला असला, तरी जहाजांवरचे दिवे, गोल खिडक्या आणि जाड लाकडी फळ्या मुंबईच्या जुन्या बाजारात आजही दिसतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि उपनगरांतील मोठ्या रस्त्यांच्या कडेला जुने दरवाजे, खिडक्या व ग्रिल रचून ठेवलेल्या वखारी असतात.

याखेरीज सर्वांत चांगला माल बाजारात येण्याआधीच मिळतो, असे मला वाटते. एखादी सोसायटी पुनर्विकासासाठी रिकामी होत असते तेव्हा भाड्याच्या लहान घरात न मावणारी कपाटे, पलंग, झोपाळे लोक अक्षरशः भंगाराच्या भावाने काढतात. दिवाळीच्या साफसफाईचे दिवस आणि भाडेकरूंचे अकरा महिन्यांचे करार संपण्याचे दिवस यांतही असेच घडते. परिसरातील सुरक्षारक्षक, रद्दीवाला आणि भंगारवाला यांच्याशी ओळख ठेवावी व आपल्याला काय हवे आहे ते त्यांना नेमके सांगून ठेवावे. अशा वेळी घरमालकांशी आदराने बोलावे, कारण आपल्याला जे स्वस्तात मिळत आहे ते त्यांच्या आई-वडिलांच्या संसाराचे सामान असते. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरून व्यवहार करताना वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत, आणि पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी : वस्तू तपासणे

विजेरी, मापनपट्टी, लहान लोहचुंबक, भिंग आणि जाड दाभण एवढी साधने पुरतात.

एखादे खणांचे कपाट पाहत असल्यास दर्शनी भाग सोडून थेट खण पूर्ण बाहेर काढावा आणि उलटा करावा. हाताने केलेल्या जुन्या खणात पुढची व बाजूची फळी कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवून जोडलेली असते, आणि ते दात एकमेकांशी तंतोतंत सारखे नसतात. यंत्रावर केलेले दात एकाच मापाचे असतात. खणाचा तळ पाहावा. तो फळीचा असेल तर चांगले; प्लायवूडचा असेल तर एक तर तळ नंतर बदलला आहे किंवा कपाटच तितके जुने नाही. बाजूच्या फळ्यांची खालची कड वर्षानुवर्षे घासून मध्ये किंचित झिजलेली असावी, आणि खण जेथे सरकतो त्या आतल्या पट्टीवरही नेमकी तशीच झीज दिसावी. दोन्ही झिजा जुळल्या तर खण त्याच कपाटाचा आहे. मग स्क्रू पाहावेत. चौफुलीच्या खाचेचे स्टार स्क्रू 1930 च्या दशकात वापरात आले, त्यामुळे शंभर वर्षांचे म्हणून सांगितलेल्या कपाटात सगळेच स्क्रू तसे असतील तर विक्रेत्याचा दावा टिकत नाही. शेवटी रिकाम्या खाचेत नाक घालून वास घ्यावा : जुन्या सागवानाला तेलकट, किंचित चामड्यासारखा वास येतो, तर नव्या रंगाचा आणि थिनरचा वास आठवडाभर तरी लपत नाही.

दोषांचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवावेत. पॉलिश उडालेले, काच फुटलेली, मूठ हरवलेली, वेताची बैठक फाटलेली, सांधे सैल झालेले, हे सर्व दुरुस्त होते आणि त्यामुळे भाव कमी होत असेल तर आनंदाने घ्यावे. पाय कुजलेला, मुख्य चौकट पिळलेली, फळी आतून पोखरलेली असेल, तर कितीही स्वस्त असले तरी नवख्या माणसाने ते सोडून द्यावे. दाभण पायाच्या तळाशी, मागच्या बाजूला आणि सांध्यांजवळ टोचून पाहावी. ती सहज आत रुतली तर लाकूड गेलेले आहे. लहान गोल छिद्रे दिसली म्हणजे कीड जिवंतच आहे असे नव्हे, परंतु छिद्राखाली फिकट, ताजा, पिठासारखा भुगा पडत असेल तर ती जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि तो विषय तेथेच संपवावा.

पितळेसाठी लोहचुंबक पुरतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड असून वर मुलामा आहे. बरणीवर बोटाच्या पेराने टिचकी मारावी; नाद स्वच्छ उमटला तर ती अखंड आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. देवादिकांची जुनी छापील चित्रे घेताना भिंग वापरावे. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला, आणि त्या काळच्या शिळाछाप चित्रांत रंगाचे ठिपके अनियमित दिसतात. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची शिस्तबद्ध, फुलासारखी मांडणी दिसली तर ते अलीकडचे ऑफसेट छपाईचे पुनर्मुद्रण आहे. ते घेण्यात गैर काही नाही, फक्त भाव पुनर्मुद्रणाचा द्यावा.

भरलेले सोफे, गाद्या, उशा आणि कापडी बैठकीच्या खुर्च्या जुन्या बाजारातून घेऊ नयेत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. ढेकूण खाद्याशिवाय कित्येक महिने जगतात, आणि मुंबईतील एकाला एक लागून असलेल्या घरांत ते एकदा शिरले की शेजाऱ्यांनाही त्रास होतो. त्याचप्रमाणे सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. सजावटीसाठी म्हणून ते कापू किंवा घासू नयेत.

चौथी पायरी : भाव, वाहतूक आणि कायदा

भाव ठरवताना वस्तूची किंमत, टेम्पो, हमाली, सुताराची मजुरी आणि पॉलिशचा खर्च या सर्वांची बेरीज करावी आणि ती बेरीज त्याच आकाराच्या नव्या भरीव लाकडी वस्तूच्या किमतीशी ताडून पाहावी. दुकान उघडताना बोहनीच्या वेळी भाव थोडा नरम असतो. घासाघीस अवश्य करावी, मात्र ती दोष दाखवून, शांतपणे करावी. विक्रेत्याच्या मालाची टर उडवून भाव उतरत नाही आणि पुढच्या वेळी चांगला माल आपल्यासाठी राखूनही ठेवला जात नाही. पाडकामाचे लाकूड घनफुटावर विकले जाते. रुंदी व जाडी इंचांत आणि लांबी फुटांत घेऊन तिघांचा गुणाकार करावा व त्याला 144 ने भागावे : चार इंच रुंद, तीन इंच जाड आणि सात फूट लांब वासा म्हणजे सुमारे 0.58 घनफूट. हे गणित स्वतः करून गेलेले बरे. अशा लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात, आणि ते करवतीचे पाते मोडतात, म्हणून कापायला नेण्यापूर्वी चुंबक फिरवून सगळे खिळे उपटून घ्यावेत.

पावती मागावी, विशेषतः मौल्यवान वस्तूची. सार्वजनिक मालमत्ता असावी असे वाटणारी कोणतीही वस्तू, मग ती रस्त्यावरचा दिवा असो वा देवळाचा कोरीव खांब, घेऊ नये. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत; मूर्ती, शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांच्या नोंदणीची सक्तीही या कायद्यात आहे. हस्तिदंत, शिंगे आणि प्राण्यांची कातडी यांपासून पूर्णपणे दूर राहावे.

पाचवी पायरी : शुद्धीकरण

वस्तू थेट दिवाणखान्यात न नेता गॅलरीत ठेवावी; ते शक्य नसेल तर मोठ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी. सोसायटीच्या सामाईक पॅसेजमध्ये ठेवू नये, कारण आग लागल्यास तोच बाहेर पडण्याचा मार्ग असतो. सांधे, खाचा आणि फळ्यांच्या पाठी विजेरीने पाहून कोरड्या ब्रशने झाडाव्यात, आणि वाफेच्या यंत्राने फटींना वाफ द्यावी. सुमारे 50 अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण व त्यांची अंडी टिकत नाहीत. किडीची शंका असल्यास टाकणखार व बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून पॉलिश नसलेल्या उघड्या लाकडावर दोन-तीन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावे.

जुन्या तैलरंगाबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. म्हणून रंगवलेले जुने दार-खिडकी कोरड्या पॉलिशपेपरने कधीही घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवून, मास्क लावून, मुले व गर्भवती स्त्रिया घरात नसताना काम करावे आणि निघालेला रंग प्लॅस्टिकमध्ये बांधून टाकावा. त्याहूनही चांगले म्हणजे पहिल्या प्रयोगासाठी रंग नसलेले लाकूडच निवडावे.

सहावी पायरी : दुरुस्ती

सैल सांध्यात खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. जुने फर्निचर सरसाने जोडलेले असते, आणि सरस गरम पाण्याने मऊ होतो. सांधा हलक्या हाताने उघडून, जुना सरस पुसून, नवा डिंक लावून, दोरीने आवळून एक दिवस ठेवला की खुर्ची पुन्हा घट्ट होते. खिळ्याने मात्र लाकूड चिरते आणि पुढची दुरुस्ती अशक्य होते. पॉलिश काढण्यापूर्वी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात घासावे. जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश आहे. ते खरवडण्याची गरज नसते, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात देऊन तेच पुन्हा उजळते. अळशीच्या तेलाने लाकूड छान खुलते, परंतु त्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर ती आपोआप पेटू शकतात, म्हणून ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

नवख्या माणसाने पहिले काम म्हणून पाडकामातील खिडकीच्या झडपेचा आरसा करून पाहावा. काच आणि रंग नसलेली, सुमारे चार फूट बाय दोन फूट आकाराची सागवानी झडप निवडावी. खिळे काढून ती ओल्या फडक्याने स्वच्छ करावी, दोन-तीन आठवडे सावलीत उभी ठेवावी, आणि मग 80, 120 व 220 क्रमांकाच्या पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेने घासावी. कडी आणि बिजागरीच्या खुणा भरून काढू नयेत. त्या राहू द्याव्यात. मागच्या खाचेत चार मिलिमीटरचा आरसा आणि त्यामागे सहा मिलिमीटरचे प्लायवूड बसवावे. या जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला 10 किलो असते, म्हणजे एवढ्या आरशाचे सात किलोच्या आसपास. त्यात लाकूड मिळवले की हा ऐवज एका खिळ्यावर टांगण्याचा राहत नाही. नव्या मनोऱ्यांतील मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या, काँक्रीट भिंतीला हॅमर ड्रिल लागते, हलक्या ब्लॉकच्या भिंतीला तिच्यासाठीचे खास प्लग लागतात, आणि जुन्या चाळीच्या चुन्याच्या भिंतीवर कुठलाच भरवसा न ठेवता आरसा जमिनीवर टेकवून वर फक्त आधाराची साखळी द्यावी. भाड्याच्या घरातही हाच मार्ग सोयीचा आहे. झोपाळा टांगायचा असेल तर हा प्रश्न कितीतरी गंभीर होतो, आणि त्याची कडी कोठे लावायची हे संरचना अभियंत्यालाच ठरवू द्यावे.

पितळ चिंच किंवा पितांबरीने उजळते, मात्र नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे लागते. स्वयंपाकासाठी पितळेची भांडी वापरायची असतील तर कल्हई करून घ्यावी; शोभेसाठी त्यावरची काळसर झाक तशीच ठेवली तरी ती देखणी दिसते. सिमेंटच्या जुन्या नक्षीदार लाद्या मिळाल्या तर त्या चहाच्या मेजावर किंवा ओट्यामागे बसवाव्यात. अशा लाद्या बनवणारी भारत फ्लोअरिंग्स ही कंपनी मुंबईत 1922 मध्ये सुरू झाली. त्या अॅसिडने साफ करू नयेत, कारण अॅसिड सिमेंटच खाऊन टाकते.

जुन्या दिव्याची वायर कितीही धड दिसली तरी पूर्ण बदलावी. धातूच्या दिव्याला तीन तारांची वायर आणि अर्थिंग हवेच. नवे होल्डर व वायरी महात्मा फुले मंडईजवळच्या लोहार चाळीत मिळतात, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. जहाजावरून आलेला दिवा आपल्या 230 व्होल्टच्या विजेसाठी बनलेला असेलच असे नाही, म्हणून आतील सर्व सामग्री काढून साधा एलईडी दिवा बसवणे सुरक्षित असते.

सातवी पायरी : मांडणी आणि पावसाळा

एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू ठेवावी आणि बाकीचे साधे असू द्यावे. गडद सागवानाच्या मागे फिकट भिंत असली की त्याच्या रेषा दिसतात. पाश्चिमात्य धाटणीच्या वस्तूंच्या मागे न लागता आपल्या घरांत वापरात असलेल्या वस्तूंकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते : चौरंग बैठे मेज होतो, पाटांची भिंतीवर फळी होते, फडताळाचे दार पुस्तकांच्या कपाटाला शोभते, आणि मोठी बरणी छत्र्या ठेवायला उत्तम असते.

पावसाळ्यात लाकडी वस्तू बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच दूर ठेवाव्यात आणि त्यांच्या पायांखाली रबराच्या चकत्या द्याव्यात. लाखेचे पॉलिश जून ते सप्टेंबर या काळात करू नये, कारण हवेतील दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते. ते काम नोव्हेंबरनंतर काढावे. जुलैमध्ये खण अडकू लागला तर सुताराला बोलावून तो रंधून घेण्याची घाई करू नये. फुगलेले लाकूड रंधले तर हिवाळ्यात ते आकसते आणि खण कायमचा ढिला होतो. तोवर सरकपट्टीला मेणबत्ती घासावी, आणि ऑक्टोबरचे ऊन पडल्यानंतरही खण अडकत असेल तरच रंधा लावावा.